एसीचं बटण बाबांकडे

काळाचौकीच्या आमच्या चाळीत मला सगळे 'अ‍ॅव्हरेज' म्हणायचे. खाली पानाच्या टपरीवर मी दिसलो की कोणीतरी हमखास बोलायचं, "आला बघ अ‍ॅव्हरेज." मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटायचं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. लालबाग-परळच्या नव्या टॉवरांत दिवसभर मोटर, दोर, ब्रेक बघायचे आणि संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात परत यायचं, असं माझं आयुष्य. अशात मी एक जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली, आणि ती गाडी लिटरमागे इतरांपेक्षा दोन-अडीच किलोमीटर जास्त चालते, हे हळूहळू सगळ्या चाळीला माहीत झालं.

अ‍ॅव्हरेज काढायची आमच्यात एक रीत आहे. ती पाळली नाही तर तुमच्या आकड्याला टपरीवर कोणी विचारत नाही. पंप ठरलेला, पाइपसुद्धा ठरलेला. आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, मग गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची, म्हणजे टाकीत अडकलेली हवा वर येते. पुन्हा भरायची. मग किलोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच पाइपवर, हेच सगळं परत. गाडी हलवायचं काम माझ्या बाबांचं होतं. सत्तरी ओलांडलेला, हडकुळा, पांढऱ्या शर्टातला माणूस पंपावर गाडीला मागून धक्के देतोय हे बघून पंपावरची माणसं हसायची. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते पूर्ण गंभीरपणे धक्के द्यायचे आणि झालं की मला हाताने खूण करायचे.

खरी परीक्षा गणपतीत. आमच्या चाळीतल्या पाच-सहा गाड्या चतुर्थीच्या दोन दिवस आधी गावी निघतात. गावी पोचल्यावर सामान उतरायच्या आधी, हातात चहाचा कप येतो न येतो तोच पहिला प्रश्न असतो, "गाडयेन किती दिल्यान?" आणि आकडा सांगितला की दुसरा, "एसी लावन काय न लावता?" ज्याने एसी लावून चांगला आकडा आणला त्याच्याकडे संशयाने बघतात. ज्याने न लावता आणला त्याला मान. घामाने भिजलेले, डोळे लाल झालेले बाप्ये एकमेकांना आकडे सांगतात आणि मागच्या सीटवरून उतरलेल्या बायका त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. सलग तीन वर्षं माझा आकडा सगळ्यांत वर होता.

एसी पेट्रोल का खातो हे मी बाबांना पहिल्याच प्रवासात समजावलं होतं. एसीचा कॉम्प्रेसर वेगळ्या मोटरवर चालत नाही, पट्ट्यावरून इंजिनच त्याला फिरवतं. म्हणजे गाडी ओढायची तीही त्यानेच आणि थंड करायची तीही त्यानेच. बाबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे एका मोटारीर दोन साचे," ते म्हणाले. साचा म्हणजे गिरणीच्या भाषेत माग. परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यानंतर एसीचं बटण त्यांनी आपल्याकडे घेतलं. ते पुढच्या सीटवर, डावा हात दाराच्या कडीवर, उजवा हात बटणापाशी. चढ आला की बंद, उतार लागला की चालू. सिग्नल लाल झाला की बंद, गाडी सुटली की चालू. मी काही बोलायची गरज नसायची. कशेडी घाटात तर माझा गियर आणि त्यांचं बटण एकाच वेळी पडायचं.

आता वाटतं, बाबांना त्या बटणाचं एवढं का होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. संपात गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका इमारतीत वॉचमनगिरी केली. वहीवर सह्या घेणं आणि फाटक उघडणं. पुन्हा कोणी त्यांना मशीनला हात लावू दिला नव्हता. माझ्या गाडीतलं ते बोटाएवढं बटण हे संपानंतर त्यांच्या ताब्यात आलेलं पहिलं मशीन होतं.

मी स्वतः सगळे प्रयोग केले होते. एक टाकी एसी लावून, एक टाकी न लावता, रस्ता तोच, वेळ तीच. मुंबईत न लावता पंधरा, लावून साडेबारा. गावच्या मोकळ्या रस्त्यावर फरक अगदी कमी, कारण तिथे काचा उघड्या ठेवल्या तर वाराच गाडीला मागे ओढतो आणि जे वाचवलं ते तसंच जातं. सगळ्यात वाईट म्हणजे उभी गाडी. इंजिन चालू, चाकं थांबलेली आणि एसी सुरू. किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चाललंय. असं कोणी दिसलं की माझं डोकं फिरायचं. चाळीच्या तोंडाशी कोणाची वाट बघत एसी लावून बसलेल्या अनोळखी माणसांच्या काचेवर मी टकटक करायचो. एकदा एकाने काच खाली करून मला शिवी दिली. मी ती घरी येऊन बाबांना सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. बायको हसली नाही. "तुम्ही दोघं वेडे आहात," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला लागली.

बाबांचा खोकला जुना होता. कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जातो, हवेत तंतू तरंगत असतात, आणि तिथले कामगार घरी यायचे ते पापण्या पांढऱ्या करून. आम्हाला लहानपणी त्याची गंमत वाटायची. त्यातले बरेच जण साठीच्या आत गेले. बाबा राहिले म्हणून आम्ही त्यांना नशीबवान समजत होतो. मग आमच्या आजूबाजूला एकेक चाळ पडायला लागली. इकडे टॉवर, तिकडे पूल, मधे खणलेला रस्ता. खिडकीची चौकट सकाळी पुसली तर दुपारी बोट उमटायचं. बाबांना जिना चढताना दोनदा थांबावं लागायला लागलं, मग चारदा, मग त्यांनी खाली जाणंच सोडलं. टपरीवर मी एकटा जायला लागलो.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. वयाने माझ्याहून लहान असतील. मग म्हणाले, "जुनी जखम आहे, ती भरणार नाही. आता उरलंय ते जपायचं. धूळ अजिबात नको. बाहेर न्याल तेव्हा काचा बंद, एसी लावा आणि आतलीच हवा आत फिरेल असं ठेवा. गाडी आहे ना?" मी म्हटलं, आहे. माझ्याशेजारी बसलेल्या बाबांनी खाली मान घालून हसू दाबलं ते मला दिसलं. मलाही हसू आलं. डॉक्टरांना कोणाला काय सांगतोय याची कल्पना नव्हती.

दर पंधरा दिवसांनी दाखवायला न्यायचं होतं. चाळीपासून हॉस्पिटल जेमतेम अडीच किलोमीटर. आता मी जे केलं ते लिहितो. पहिल्या दोन खेपांना मी एसी लावला. तिसऱ्या खेपेला विचार केला, आणि माझ्यासारख्या माणसाने विचार केला की काय होतं बघा. उन्हात उभी गाडी आतून तापलेली असते. ती थंड करायलाच एसीचं सगळ्यात जास्त बळ लागतं. अडीच किलोमीटरमध्ये गाडी जेमतेम गार होते आणि तोवर हॉस्पिटलचं फाटक येतं. म्हणजे सगळा खर्च होतो आणि गारवा मिळतच नाही. यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणून मी काचा बंद ठेवल्या, नुसता पंखा लावला, आणि आत कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून बाहेरची हवा आत घेणारी खटकी उघडी ठेवली. लालबागच्या पुलाखालची ती हवा. डॉक्टरांनी गारव्यासाठी एसी सांगितलाच नव्हता, ही साधी गोष्ट लिफ्टच्या मोटरीतला आवाज ऐकून बेअरिंग ओळखणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोक्यात शिरली नाही. किंवा शिरली आणि मी तिला बाजूला बसवलं. नक्की काय, ते मी स्वतःलाही विचारून पाहिलंय.

बायकोच्या हे लक्षात आलं होतं. परत आल्यावर ती मला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर काय बोलले होते?"

"दोन किलोमीटरला कशाला एसी? बाबांनाच नको असतो."

"त्यांना नको असतो कारण तुम्हाला नको असतो."

मी चिडलो. मी चिडलो की आवाज चढतो, आणि आमच्या घरात आवाज चढला की बाहेरच्या खोलीत ऐकू जातो. बाबा बाहेरून म्हणाले, "अगो, माका गार सोसत नाय. त्याका कित्याक बोलतंस?" ती ओट्याकडे वळली. मी जिंकलो असं मला तेव्हा वाटलं.

मे महिन्यातली सकाळ होती, नऊ-साडेनऊची. बाबा उठून बसले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढत होते. ओठ काळसर झाले होते. शेजारचे म्हणाले, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मी म्हटलं, ती येईपर्यंत आपण पोचू, गाडी खालीच आहे. तिघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. बायको म्हणाली मागे झोपवू. बाबांनी मान हलवली आणि पुढच्या दाराकडे बोट केलं. झोपलं की त्यांना जास्तच कोंडायचं, हे खरं होतं. त्यांना पुढे बसवलं. बायको मागे, त्यांच्या खांद्याला धरून.

पुढे पुलाचं काम निघालं होतं आणि वाहनं दुसरीकडून वळवली होती. आम्ही वळलो आणि अडकलो. पुढे बस, मागे टेम्पो, डाव्या हाताला पत्र्याचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रस्ता फोडणारा ब्रेकर सुरू. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. या पाऊण तासाबद्दलच मला लिहायचं आहे, बाकीचं सगळं मी उगाच लिहीत बसलो.

निघताना मी एसी लावला होता. हे मी स्वतःला अनेकदा सांगतो, की लावला होता. आतली हवा आत फिरवायची खटकीसुद्धा ओढली होती. गाडी थांबली. मिनिटभर गेलं असेल. बाबांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला, पुढे आला, आणि त्यांनी बटण दाबून एसी बंद केला.

"बाबा, राहू दे," मी म्हटलं आणि पुन्हा लावला.

"सिग्नल आसा," ते म्हणाले. दोन शब्दांना त्यांना दोन श्वास लागले.

"सिग्नल नाही हा, ट्रॅफिक आहे."

गाडी चार हात पुढे सरकली. पुन्हा थांबली. त्यांचा हात पुन्हा आला. बटण बंद. मी पुन्हा लावलं. मागून बायको म्हणाली, "अहो, त्यांचा हात धरून ठेवा ना." मी धरला नाही. त्या हाताला कधी धरायची वेळ आली नव्हती. मला लाज वाटली म्हणा, किंवा तो हात काढून घेतला तर त्यांच्याजवळ काय उरेल असं वाटलं म्हणा.

तिसऱ्यांदा त्यांनी बंद केला तेव्हा मी लावला नाही.

यामागे बाबांचा मान राखायचा होता असं मी लोकांना सांगितलं असतं, तर लोकांनी मानलंही असतं. तो होताच. पण आणखी एक होतं. माझ्या गाडीत समोर एक आकडा दिसतो, टाकी भरल्यापासून आतापर्यंत काढलेलं अ‍ॅव्हरेज. उभ्या गाडीत तो हळूहळू उतरतो. त्या टाकीला तो चौदा पॉइंट नऊ होता, आणि मी बघत असताना चौदा पॉइंट सात झाला. बाप माझ्याशेजारी श्वासासाठी धडपडत होता आणि माझी नजर त्या आकड्यावर गेली. एकदा नाही. मी मान वळवली तर बाबाही तिकडेच बघत होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांनी अगदी थोडी मान हलवली. टाकी भरून झाल्यावर पंपावर खूण करायचे, तशी.

बंद गाडी मे महिन्यात किती वेळात तापते हे मला कोणी सांगायला नको. बायकोला घाम फुटला, बाबा शर्टाची बटणं ओढायला लागले, आणि शेवटी तिनेच मागची काच खाली केली. दुसरा इलाज नव्हता. ब्रेकरची धूळ आत आली. तिने तिची ओढणी बाबांच्या नाकातोंडावर धरली. बाबा खोकायला लागले आणि मग हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत तो खोकला थांबला नाही. मी नुसता हॉर्न वाजवत होतो.

त्यांना वॉर्डात ठेवलं, तोंडावर मास्क लावला. वॉर्ड एसी होता, चांगला गार. तिसऱ्या दिवशी सकाळी ते थोडे शुद्धीत होते. मी कॉटच्या कडेला बसलो होतो. त्यांनी बोटाने मास्क जरा बाजूला केला. मला वाटलं पाणी मागतायत. मी कान जवळ नेला.

"किती दिल्यान?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाडी तीन दिवस हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत उभी होती, टाकी अजून अर्धी होती, आकडा काढायचा प्रश्नच नव्हता.

"पंधरा," मी म्हटलं.

"एसी लावन?"

"न लावता."

"बरा," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच मास्क परत नीट केला. दुपारी दोनच्या सुमाराला ते गेले. आमच्यातलं शेवटचं बोलणं ते एवढंच झालं, आणि तेही मी खोटं बोललो.

डॉक्टरांना मी विचारलं. मला विचारायचं होतं ते शब्दांत येत नव्हतं. मी म्हटलं, येताना गाडीत एसी बंद होता, काच उघडी होती, पाऊण तास. त्याने काही? डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. "त्यांची फुप्फुसं संपलीच होती," ते म्हणाले. "महिना, दोन महिने, फार तर पावसाळा. धूळ टाळायला हवी होती, एवढंच म्हणेन." बायको माझ्या मागे उभी होती. तिने ते ऐकलं. आजपर्यंत तिने त्यावर एक शब्दही काढलेला नाही, आणि तिने काढावा अशी मी रोज वाट बघतो.

बारावं-तेरावं झाल्यावर मी त्याच पंपावर गेलो. टाकी भरली. गाडी हलवायला मागे गेलो आणि दोन धक्के दिल्यावर हात थांबले. पंपावरचा माणूस म्हणाला, "आज म्हातारबाबा नाही आले?" मी नाही म्हटलं आणि गाडीत येऊन बसलो. त्या टाकीचा आकडा चौदा पॉइंट सहा आला. मुंबईतल्या मे महिन्याला तो चांगलाच आहे. टपरीवर सांगितला असता तर कोणीतरी पाठीवर थाप मारली असती.

बाबांना वर्ष झालं नव्हतं, म्हणून त्या गणपतीत आम्हाला सण नव्हता, गावी गेलो नाही. टपरीवरही मला आता कोणी त्या नावाने हाक मारत नाही. बहुतेक आपापसात ठरवलं असावं. गाडीत मी एसी लावतो. सिग्नलला, चढाला, उभ्या गाडीतसुद्धा. बायको कधी म्हणते, गार होतंय, कमी करा. सिग्नल लाल झाला की मी डावीकडे बघतो आणि मग समोर बघतो.

एक हिशेब मात्र मी केला. करायला नको होता, पण ज्याला हयातभर एकच गोष्ट येते तो माणूस तीच करणार. उभ्या गाडीत माझा एसी तासाला किती पेट्रोल जास्त खातो हे मी पूर्वीच काढून ठेवलं होतं, त्यामुळे फार वेळ लागला नाही. त्या पाऊण तासात एसी चालू राहिला असता, तर साधारण पाव लिटर पेट्रोल जास्त गेलं असतं. पाव लिटर म्हणजे किती ते डोळ्यांसमोर येईना म्हणून मी स्वयंपाकघरात पाणी मोजून ओतून पाहिलं. समोर हाताला आला तो बाबांचा चहाचा स्टीलचा पेला. तो काठोकाठ भरला. मी तसाच उभा होतो. बायको आली, तिने पेल्याकडे पाहिलं, पाणी मोरीत ओतलं आणि पेला पुसून मांडणीत ठेवला.